पिनांगला तुम्ही मला एकटीला उतरवलंत

ताई,

परवा तुमच्या शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका बोलल्या, तुमच्या हाताखालून गेलेल्या दोघीतिघी बोलल्या. शिस्त, वक्तशीरपणा, फळ्यावर खडू न उचलता काढलेला भारताचा नकाशा, सगळं आलं. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "शालिनीबाई, तुम्ही दोन शब्द बोला." मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. दोन शब्दांत काय बोलणार होते मी? मला सांगायचा होता एक आख्खा दिवस, पिनांगच्या बंदरातला. आणि तो सांगायचा तर आधी हे सांगावं लागलं असतं, की वर्धेतल्या दोन बाया पिनांगला गेल्याच कशाला.

तर इथे सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंच आहे. मध्ये टोकावंसं वाटलं तर टोका.

मधुकर गेले तेव्हा मला तिशीही लागली नव्हती. कावीळ झाली, उतरली असं वाटलं, आणि उलटली. मूलबाळ नव्हतं. मग मला वडनेरला नेलं, सासरच्या शेतावरच्या घरी. तिथे मला कुणी वाईट वागवलं नाही, हे खरंच. मोठे भाऊजी माझ्यासमोर आवाज चढवत नसत, जाऊबाई गरम भाकरी ताटात टाकत. फक्त मला कुठे जाऊ देत नसत. शेतात निघाले तर सोबतीला कुणीतरी यायचं. देवळात निघाले तर "उन्हात कायले जाता?" असं व्हायचं. विहिरीवर गेले तरी कुणीतरी हातातून कळशी काढून घ्यायचं. त्या घरात मी नीट रडलेसुद्धा नाही. रडायला लागलं की चार बाया भोवती जमायच्या आणि मग त्यांचंच सांत्वन करावं लागायचं.

तुम्ही त्या घरातल्या थोरल्या. लग्न केलं नव्हतंत. वर्धेला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचात आणि सिंदी मेघेला दोन खोल्या घेऊन एकट्या राहायचात. मधुकर तुमचा सगळ्यात धाकटा भाऊ, तुम्ही कडेवर घेऊन वाढवलेला. त्याच्या वर्षश्राद्धाला आलात, दोन दिवस माझ्याकडे पाहत राहिलात, आणि निघताना ओसरीवर चप्पल घालता घालता म्हणालात, "हिले मी वर्धेले नेऊन राह्यली."

भाऊजी म्हणाले, "काऊन ताई? इथं काय कमी हाय तिले?"

"कमी काई नाई. चालायची सवय मोडली तिची."

एवढंच. मी एका पिशवीत चार लुगडी भरली आणि तुमच्या मागोमाग एसटीत चढले. वाटेत तुम्ही मला ना धीर दिलात ना उपदेश केलात. हिंगणघाटला गाडी थांबली तेव्हा पेरू घेतलेत आणि अर्धा मला दिलात.

वर्धेत तुम्ही मला रोज संध्याकाळी पायी काढायचात. आधी बजाजवाडीपर्यंत, मग बाजारापर्यंत, मग पवनारच्या रस्त्याने झाडं संपेपर्यंत. सुरुवातीला बरोबर असायचात. मग दहा पावलं मागे राहायला लागलात. एक दिवस बाजारात मागे वळून पाहिलं तर तुम्ही नव्हतातच. मी घाबरीघुबरी होऊन घरी आले, तर तुम्ही पाटावर बसून जवसाची चटणी कुटत होतात. "आलीस? मीठ घेतलं काय?" मीठ आणायला विसरले होते. तुम्ही मला परत पाठवलंत.

आणि मग तुम्ही ते जहाजाचं काढलंत. मद्रासहून एक प्रवासी जहाज निघायचं, मलेशियातल्या पिनांगवरून सिंगापूरला जायचं आणि तसंच परत यायचं. नागपूरच्या एका सहलवाल्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांसाठी त्यावर जागा धरल्या होत्या. इतकी वर्षं पोरींना बंदरं पाठ करायला लावलीत, आणि समुद्र पाहिलेला नव्हता. मला वाटलं तुम्ही एकट्या जाल. तुम्ही माझाही अर्ज भरून टाकला होतात.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला, ते आठवतं? खुर्चीवर बसून टोपी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारलं, "यांचे मिष्टर नाई, लेकरू नाई. परदेशात काऊन चालल्या?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"अजून पाह्यलं नाई ना बाप्पा. पाहून आली की सांगते तुमाले."

तो हसला. जाताना मला म्हणाला, "या जाऊन बाई." मधुकर गेल्यावर इतक्या सहजपणे मला 'जा' म्हणणारा तो पहिला परका माणूस.

भाऊजींना मात्र कळलं तेव्हा ते वडनेरहून आले. रागावले नव्हते, दुखावले होते. लोक काय म्हणतील, विधवा बाई सहलीला जाते, तेही समुद्रापार. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि म्हणालात, "लोकाइनं इचारलं तर सांगजो, ताईले सोबत पाहिजे होती म्हनून नेली." भाऊजींना तेवढं पुरलं. मला मात्र तेव्हा राग आला होता. वाटलं, मी म्हणजे काय तुमची पिशवी?

मद्रासला धक्क्यावर उभं राहून तुम्ही पहिल्यांदा समुद्र पाहिलात. मला वाटलं काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत राहिलात आणि म्हणालात, "हा तर लयच हालून राह्यला. नकाशात चूप बसते." मी हसले. किती दिवसांनी, देव जाणे.

जहाजावर मला पहिले दोन दिवस डोकं वर करवलं नाही. तुम्ही आवळासुपारी चघळायला द्यायचात आणि वरच्या डेकवर ओढून न्यायचात. आपल्या घोळक्यात नागपूरच्या एक बाई होत्या, पुढाकार घेणाऱ्या, सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या. माझ्याशी मात्र त्या आवाज उतरवून बोलायच्या, आजाऱ्याच्या खाटेपाशी बोलतात तशा. "जेवलात का हो? थोडं तरी खाऊन घ्या." मी रोज चांगली जेवत होते.

पिनांगला पहिल्यांदा जहाज लागलं तेव्हा सहलवाल्यांनी बस केली होती. त्या गावात सापांचं एक देऊळ आहे, जिवंत साप वेदीवर पडलेले असतात म्हणे, ते दाखवून मग बाजार आणि परत जहाज. सगळे शिडी उतरून बसकडे निघाले. मीही निघाले. तुम्ही माझा दंड धरलात.

"आपन पायी जाऊ."

"अहो ताई, परका मुलूख. रस्ता कोण सांगेल?"

"जहाजाची चिमनी दिसते तोवर भ्यायचं कारन नाई. अन् नाई दिसली तर लोकाइले तोंड हाय."

सहलवाले म्हणाले, जहाज सुटलं तर आमची जबाबदारी नाही. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, आमचीच आहे.

आणि आपण निघालो. धक्क्याजवळचं घड्याळाचा बुरूज, मग कमानीखालून जाणारे लांबलचक व्हरांडे, एकीकडे चिनी दुकानं, वळलं की तमिळ दुकानं, मिरच्यांची पोती, देवांच्या तसबिरी. सायकलरिक्षात बसणारा पुढे आणि चालवणारा मागे, हे पाहून तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्याच राहिलात. तुमचं परतीचं गणित साधं होतं. जाताना जितका वेळ लागला त्याच्या दीडपट परतीला धरायचा, कारण येताना माणूस थकलेला असतो. आणि रस्ता एकाला विचारला की पुढे जाऊन दुसऱ्याला पुन्हा विचारायचा. चौकशीचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. "मले इंग्रजी येत नाई," असं बेधडक खोटं बोललात. मला तोंड उघडावंच लागलं. बी.ए.ला मिळवलेलं इंग्रजी इतकी वर्षं ट्रंकेत पडलं होतं, ते तिथे एका चिनी शिंप्यासमोर बाहेर आलं.

मग ती शाळा लागली. मुलींची. खिडकीतून भिंतीवर नकाशा दिसला आणि तुम्ही फाटकाशीच थांबलात. आतून एक तमिळ बाई आल्या, कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी सांगितलं, या भूगोल शिकवतात, भारतात. तर त्याही भूगोलाच्याच निघाल्या. त्यांनी आपल्याला आत नेलं. त्यांच्या नकाशात त्यांचा देश मधोमध होता आणि आपला वरच्या डाव्या कोपऱ्यात. तुम्हाला त्याचं केवढं नवल वाटलं! नागपूर लिहिलेलं होतं, वर्धा नव्हतं. तुम्ही बोट टेकवून म्हणालात, इथे. पोरी उठून बघायला आल्या. तुम्हाला येत नसलेलं इंग्रजी मग धो धो यायला लागलं. कापूस, काळी माती, उन्हाळ्यात किती तापतं, सगळं सांगितलंत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, मधुकर असते तर त्यांनी डोळ्यांनी मला खुणावलं असतं, बघ, ताई सुटली.

संध्याकाळी जहाजावर सगळे सापांबद्दल बोलत होते. मी चिडले. म्हटलं, सगळ्यांनी ते देऊळ पाहिलं, आपण काय पाहिलं, एक शाळा? शाळा वर्धेत काय कमी आहेत? तुम्ही म्हणालात, "साप बी वर्धेत कमी नाईत." हा वाद आपला पुढे एकोणीस वर्षं चालला, ताई. कुणी पाहुणे आले आणि त्या सहलीचा विषय निघाला की मी म्हणायची, यांच्यामुळे माझं सापांचं देऊळ राहिलं. तुम्ही कधी माघार घेतली नाहीत. आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजू बोलाव्या लागतात.

सिंगापुरात तुम्ही इतक्या चाललात की गुडघा सुजला. परतीच्या वाटेवर जहाज पुन्हा पिनांगला लागलं तेव्हा तुम्हाला शिडीही उतरवेना. खाटेवर पाय लांब करून बसलात आणि म्हणालात, "आज तू एकटी जाय."

"मी बसने जाते सगळ्यांबरोबर. देऊळ तरी बघून होईल."

"पाह्य. खाली उतरल्यावर ठरव."

मी खाली उतरले ती बसमध्ये बसायच्याच इराद्याने. पायरीवर पाय ठेवला, तर नागपूरच्या त्या बाईंनी आत सरकून जागा केली आणि तोच उतरलेला आवाज लावला, "या हो, बसा. घरी काय नि इथे काय, तुम्हाला वेळच घालवायचा." वाईट मनाने नाही बोलल्या. पण माझा पाय पायरीवरून आपोआप खाली आला. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. बस निघून गेली. धक्क्यावर मी, माझी पिशवी आणि ऊन.

आधी चालले. तोच बुरूज, तेच व्हरांडे. शाळेपाशी गेले तर सुट्टी होती. पुढे एका नाक्यावर भाड्याच्या मोटारी उभ्या होत्या. एका म्हाताऱ्या तमिळ ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, कुठे जायचं? मला कुठे ठाऊक होतं! तोंडातून निघालं, समुद्रावर. तो हसायला लागला. म्हणाला, बाई, हे बेट आहे, ज्या दिशेने जाल त्या दिशेला समुद्र. मी म्हटलं, जिथे जहाज दिसणार नाही अशा समुद्रावर न्या.

तुम्ही सांगितलेलं होतं, चिमणी दिसते तोवर भ्यायचं नाही. मी मुद्दाम ती दिसणार नाही तिथे चालले होते. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

डोंगराच्या कडेने वळणं घेत मोटार गेली. मग खाली पांढरी वाळू, नारळ, आणि माणूस दिसेना. ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढत बसला. मी पाण्यात गुडघ्याइतकी गेले. लुगडं भिजलं. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढते, ते मला माहीत नव्हतं. तोल गेला, धरायला कुणी नव्हतं, आणि मी एकदम मधुकरला हाक मारली. नाव घेऊन, मोठ्याने. त्यांच्या हयातीत कधी नाव घेतलं नव्हतं. मग जे रडू आलं, ताई, ते पोटातून आलं. भोवती जमायला चार बाया नव्हत्या. मी रडले, थांबले, पुन्हा रडले, नाक शिंकरलं, तोंड धुतलं, खारट पाणी डोळ्यांत गेलं. आणि मग मला भूक लागली. किनाऱ्यावर एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. मी दोन पुड्या घेतल्या, एक ड्रायव्हरला दिली.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, काय पाहिलं, तेव्हा "समुद्र" म्हटलं आणि तुम्ही पुढे विचारलं नाहीत.

परतताना अर्ध्या वाटेत टायर बसलं. ड्रायव्हरने दुसरं काढलं तर त्यातही हवा नव्हती. बिचारा इतका ओशाळला, की मलाच त्याची समजूत घालावी लागली. सूर्य उतरायला लागला होता. संध्याकाळी जहाज सुटणार. दीडपट वेळ धरायचं तुमचं गणित मी वाळूवर विसरून आले होते. आणि मग मी एक केलं, जे वर्धेच्या रस्त्यावर करायची माझी कधी छाती झाली नसती. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. मासळीचा एक टेम्पो करकचून थांबला. आत तरुण चिनी नवराबायको. मी म्हटलं, "शिप! हार्बर!" आणि हाताने लाटा करून दाखवल्या. बायकोने दार उघडलं आणि मला मांडीवर घेतल्यासारखं आत कोंबलं.

त्या टेम्पोने मला मालधक्क्याच्या फाटकातून थेट आत सोडलं. जहाज होतं! मी शिडी चढले, अंगाला मासळीचा वास, पदर ओला, आणि धावत खोलीत गेले. खाट रिकामी. डेकवर पाहिलं, जेवणघरात पाहिलं. तुम्ही कुठेच नव्हतात. जहाजाचा भोंगा वाजला.

शिडीपाशी एक अधिकारी उभा होता. दोन खलाशी दोर सोडायच्या तयारीत. मी त्याला म्हटलं, माझ्या ताई खाली आहेत. तो म्हणाला, बाई, बाजूला व्हा. मी शिडीच्या तोंडाशी बसकण मारली. खरंच खाली बसले, ताई, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, आता उचला शिडी. तो काहीतरी ओरडत होता, मीही ओरडत होते, त्याचं इंग्रजी आणि माझी मराठी. आणि तेवढ्यात मुख्य फाटकाच्या बाजूने तुम्ही दिसलात. छत्री टेकत, एक पाय ओढत, बाजार करून आल्यासारख्या सावकाश.

मी खाली पळाले. तुमची काख धरली. वर चढेस्तोवर आपण दोघी एकमेकींवर ओरडत होतो.

"कुठे गेला होतात या पायाने?"

"तू कुठं गेलती?"

"मी विचारते आधी!"

"चहा प्याले गेलती. जहाजावरचा पुचाट असते."

पुढे कितीदा तरी विचारलं मी. कधी म्हणालात फळं आणायला, कधी त्या शाळेतल्या बाईंना भेटायला. सुट्टीच्या दिवशी शाळेत कोण भेटणार होतं? पण तुम्ही एकदाही खरं सांगितलं नाहीत.

ते मला परवा कळलं. शोकसभेला नागपूरच्या त्या बाई आल्या होत्या. आता काठी घेऊन चालतात. सभा संपल्यावर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी त्या दिवशी आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं हो. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या." बस परत आली तेव्हा तुम्ही शिडीपाशी उभ्या होतात. मी बसमध्ये नाही हे कळल्यावर कुणाशी न बोलता चपला घातल्यात. अधिकारी म्हणाला, आता उतरू नका, जहाज थांबणार नाही. तर तुम्ही त्याला म्हणालात, थांबवू नका, आमच्या दोघींच्या ट्रंका तेवढ्या धक्क्यावर काढून ठेवा. आणि त्या सुजलेल्या गुडघ्याने शिडी उतरून मोटारींच्या नाक्याकडे चालू लागलात. मी मालधक्क्याने आले, तुम्ही मुख्य फाटकाने गेलात, म्हणून चुकामूक झाली.

म्हणजे तुम्ही परक्या देशात माझ्यासाठी मागे राहायला निघाला होतात. आणि सांगितलंत काय, तर चहा. मला वाटतं, तुम्हाला मला हे कळू द्यायचं नव्हतं की तुम्ही घाबरलात. एकदा ते मला कळलं असतं तर पुढच्या वेळी निघताना मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं असतं. तसं पाहत बसण्यापासून तुम्ही मला वाचवलंत. बाईंचं ऐकून मी तिथेच व्हरांड्यात हसायला लागले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

परत आल्यावर महिन्याभरात भाऊजी आले. "आता फिरनं झालं, वडनेरले चाला," म्हणाले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर केली नाहीत. मग मीच म्हटलं, "भाऊजी, मी इथेच राहते. नोकरी बघते." भाऊजी म्हणाले, "दिवाळीले तरी येजो." मी दर दिवाळीला गेले. त्यांनीही पुढे कधी विषय काढला नाही. चांगला माणूस, ताई. तुमच्या खांदेकऱ्यांत सगळ्यांत पुढे होता, आणि सगळ्यांत जास्त रडला.

नोकरी मिळाली तीही पायांची. गावोगावच्या अंगणवाड्या तपासायची. बऱ्याच जणींनी नको म्हटलं होतं, कारण एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून पुढे गाव कुठच्या कुठे. मला त्याची मजा वाटली. पुलगावच्या बाजूला, हिंगणघाटच्या बाजूला, शेतांमधल्या पांदणीपांदणीने मी एकटी चालले. रस्ता एकाला विचारला की पुढे दुसऱ्याला विचारते, अजूनही. संध्याकाळी आले की तुम्ही कढी गरम करायचात आणि कुठल्या गावचा नाला कुठे मिळतो ते विचारायचात. माझ्याकडून ऐकून ऐकून तुम्ही अख्खा जिल्हा पुन्हा शिकलात.

मोपेड घेतली तेव्हा मात्र तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला परक्या बेटावर एकटीला सोडणारी बाई, आणि मोपेडला भ्यायली! "पाय देल्ले ना देवानं?" म्हणायचात. मी म्हणायची, तुम्हीच तर मला सुटं केलंत. तुम्ही म्हणायचात, "चालाले सुटी केली, उडाले नाई." गुडघा अगदीच गेला तेव्हा कुठे मागे बसायला लागलात, तेही एका हातात माझा पदर आणि दुसऱ्या हातात छत्री. सेवाग्रामच्या रस्त्यावर वारा लागला की पदरावरची मूठ घट्ट व्हायची. मी वेग कमी करायचे. तुम्ही म्हणायचात, "काऊन थांबली? जाऊ दे."

आभार मानायचं आपल्यात नव्हतंच. मी एकदा प्रयत्न केला होता, तुमच्या निवृत्तीच्या दिवशी. "ताई, तुम्ही नसतात तर" एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तर तू वडनेरले जाड झाली असती. पापड सरकव इकडं."

दवाखान्यातले दिवस लिहीत नाही. ते तुम्हालाही आवडले नव्हते. रोज सकाळी मी डबा घेऊन आले की अर्ध्या तासात मला पिटाळायचात, जाय आता, गाडी चुकंन. मी जायची. पण त्या शेवटच्या दिवशी नाही गेले. तुमचा श्वास मला वेगळा वाटला. तुम्ही विचारलंत, "आज कोनतं गाव?" मी म्हटलं, "आज कुठेच नाही." तुम्ही रागावलात. बसून काय करशील, म्हणालात. मी म्हटलं, "बसते." तुम्ही जा म्हटलंत आणि मी ऐकलं नाही, असं पहिल्यांदाच झालं, आणि मग तुम्ही जा म्हणायचं सोडून दिलंत. केसांत तेल घालू दिलंत. वेणी घालताना जाणवलं, किती पातळ झाली होती ती.

दुपारी नवी नर्स आली. सुई लावता लावता सहज म्हणाली, "या रोज येतात. तुमच्या कोण लागतात?"

मी म्हणणार होते, भावजय. वीस वर्षं तेच सांगत आले होते, तुम्हीही तेच सांगत होतात.

तुमचे डोळे मिटलेले होते. ते न उघडताच म्हणालात, "लहान बहीन हाय माही."